आकाशाला चुना

गेल्या एप्रिलमध्ये मी आमच्या गच्चीला चुना मारला. हौस म्हणून नव्हे. वरच्या मजल्यावरची आमची मधली खोली दुपारी दोन वाजता अशी तापते की तिथे पापड वाळत घालावेत. कुणीतरी सांगितले, गच्ची पांढरी करा, ऊन आल्या वाटेने परत जाईल आणि स्लॅब तापणार नाही. मी चुनकळी आणली, पिंपात भिजवली, निवल्यावर त्यात थोडा फेविकॉल घातला आणि दोन हात मारले. सांगणाऱ्याचे म्हणणे खरे ठरले. उन्हाळ्यात त्या खोलीत पाऊल न टाकणारे आमचे सासरे तिसऱ्या दिवशी तिथे चटई टाकून चक्क घोरत पडले!

चौथ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या काकू जिना चढून आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "अहो, चुना तुमच्या गच्चीवर, पण ऊन सगळं माझ्या स्वैंपाकघरात! ओट्यापाशी उभं राहिलं की डोळे दिपतात. मारायच्या आधी एका शब्दानं विचारायचंत तरी!"

'मग पडदा लावा' हे उत्तर माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले की ते तिथेच राहिले. शेवटी आमच्या खर्चाने त्यांच्या खिडकीला बांबूचा पडदा लागला आणि प्रकरण मिटले.

वाचकहो, ही घरगुती हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की सध्या जगातले काही मोठे शास्त्रज्ञ साऱ्या पृथ्वीच्या गच्चीला चुना मारता येईल का, याचा विचार करीत आहेत. आणि चुना हा शब्द मी नुसता अलंकार म्हणून वापरत नाही. आपण भिंतीला लावलेला चुना हवेतला कर्बवायू शोषून वाळतो, तेव्हा त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. म्हणजे शाळेत ज्याचे खडू असत ती चुनखडी. नेमकी हीच भुकटी जमिनीपासून वीस किलोमीटर उंचीवर नेऊन तिथे थोडीशी सोडून पाहावी, असा अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा बेत होता. तो बेत का फसला, कुणी फसवला आणि फसला ते बरे झाले की वाईट, हा आजच्या लेखाचा विषय आहे. 'चुना लावणे' याचा मराठीत जो दुसरा अर्थ आहे, तो करणारी मंडळीही वाटेत भेटतील.

पण आधी थोडा हिशेब. सूर्याकडून पृथ्वीला शंभर रुपयांचे ऊन मिळते असे समजा. त्यातले तीस रुपये पृथ्वी हातही न लावता परत करते. ढग, ध्रुवांवरचे बर्फ, वाळवंटाची वाळू, हवेतली धूळ यांवरून ते किरण उलट फिरतात आणि अवकाशात निघून जातात. उरलेल्या सत्तरांवर आपला सगळा संसार चालतो. आता दीडदोनशे वर्षे आपण कोळसा आणि तेल जाळून हवेतल्या कर्बवायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत २८० होते ते ४२० च्या वर नेऊन ठेवले आहे. त्यामुळे जमिनीवरून वर जाणारी उष्णता पूर्वीसारखी सुटत नाही. २०२४ हे वर्ष यंत्रयुगापूर्वीच्या मानाने दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. मग काही जणांच्या मनात आले की परत जाणाऱ्या तीस रुपयांत आणखी एकदोन रुपयांची भर घातली तर? कर्बवायू जागच्या जागी राहील, पण उष्णतेचा जमाखर्च जुळेल.

ही कल्पना आजची नव्हे. १९६५ साली अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना त्यांच्या शास्त्रीय सल्लागारांनी जो अहवाल दिला, त्यात कर्बवायूने हवा तापेल हा इशारा होता. त्यावर उपाय काय सुचवला होता? समुद्रावर किरण परतवणारे बारीक कण पसरावेत! परावर्तनात एक टक्का फरक पाडायला वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर लागतील, असा अंदाजही त्यात होता. धुराडी कमी करावीत हे मात्र त्या सल्लागारांना सुचले नाही. पुढे १९७४ मध्ये मिखाईल बुडिको या रशियन शास्त्रज्ञाने विमानांनी उंच हवेत गंधक जाळण्याची कल्पना मांडली. तरी बरीच वर्षे हा विषय सभ्य शास्त्रज्ञांच्या पंगतीत बसवून घेतला जात नव्हता. २००६ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल क्रुटझेन यांनी त्यावर निबंध लिहिला आणि मग पंगतीत जागा झाली.

डोंगराने केलेला प्रयोग

असे करून खरोखर गारवा येतो का, हे माणसाने नव्हे तर डोंगरांनी दाखवून दिले आहे.

१७८३ साली आइसलंडमध्ये लाकीचा ज्वालामुखी फुटला. युरोपभर कोरडे धुके पसरले आणि पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा आला. तेव्हा पॅरिसजवळ राहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने या दोहोंचा संबंध असावा असा तर्क केला. पतंग उडवून वीज पकडणारा हाच तो गृहस्थ! पुढे १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला. तेव्हा सप्टेंबर महिन्यात मद्रास आणि सिलोनच्या लोकांनी हिरवा सूर्य पाहिला. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पुकीप्सी गावी सूर्यास्त इतका लाल झाला की कुठेतरी मोठी आग लागली असे समजून बंबवाले घंटा वाजवत धावले.

पण खरी मोजणी झाली ती पिनाटुबोच्या वेळी. फिलिपाईन्समधला हा डोंगर सुमारे पाचशे वर्षे निजलेला होता. १५ जून १९९१ रोजी तो फुटला, आणि दुर्दैव असे की त्याच दिवशी तिथे वादळही आले. पावसाने भिजलेली जड राख छपरांवर बसली, छपरे कोसळली, शेकडो माणसे गेली. वर मात्र वेगळेच काही चालले होते. दीड ते दोन कोटी टन सल्फर डायॉक्साइड, म्हणजे गंधकाचा वायू, स्थितांबरात जाऊन पोचला आणि त्याचे बारीक थेंब सगळ्या पृथ्वीभोवती पांघरुणासारखे पसरले.

दिवाळीच्या रात्री फटाक्यांचा जो वास नाकाला झोंबतो, तो याच कुळातला. मग फटाक्यांनी पृथ्वी थंड का होत नाही? कारण खालच्या हवेतला धूर चार दिवसांत खाली बसतो, नाहीतर पावसाने धुतला जातो, आणि तोवर आपल्या छातीत शिरतो. वर स्थितांबरात मात्र पाऊसच नाही. तिथे गेलेला कण वर्षदीड वर्ष तरंगत राहतो. म्हणून वरचे थोडे खालच्या पुष्कळाला भारी पडते.

जेम्स हॅन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या आरंभीच गणित मांडले, की या पांघरुणामुळे जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल. ते तसे उतरले! हवामानाचे भविष्य असे लिहून ठेवावे आणि तसेच घडावे, हे शास्त्राला रोज साधत नाही. दोनतीन वर्षांत कण खाली बसले आणि पारा पुन्हा चढू लागला.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, मग घोडे अडले कुठे? ते पावसापाशी अडले. पिनाटुबोनंतरच्या वर्षात जगातल्या जमिनीवरचा एकूण पाऊस आणि नद्यांचे पाणी ठळकपणे घटल्याचे मागाहून केलेल्या मोजणीत दिसले. ऊन कमी तर वाफ कमी, वाफ कमी तर पाऊस कमी. वरचा ओझोनचा थरही त्या काळात विरळ झाला. म्हणूनच हार्वर्डच्या मंडळींना वाटले की गंधकाऐवजी खडूची पूड वापरता येते का, ते पाहावे. ती आम्लाचा नाश करते आणि ओझोनला तेवढी बाधत नसावी. 'नसावी' म्हणून चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. प्रयोग हवा होता तो त्यासाठीच.

दोन किलो खडू आणि रेनडियर

या प्रयोगाचे नाव स्कोपेक्स. फ्रँक कॉइच आणि डेव्हिड कीथ हे त्याचे प्रमुख. बेत मोठा नामी होता. एक मोठा फुगा, खाली पंखे बसवलेला पाळणा. वीस किलोमीटर उंचीवर जाऊन शंभर ग्रॅमपासून फार तर दोन किलोपर्यंत भुकटी सोडायची, म्हणजे किलोमीटरभर लांबीचा एक पुसट पट्टा तयार होईल. मग पाळणा वळवून त्याच पट्ट्यातून हिंडवायचा आणि कण एकमेकांना चिकटतात का, भोवतालच्या हवेचे काय होते, हे मोजायचे. दोन किलो! आमच्या गच्चीवर याच्या कितीतरी पट चुना गेला.

पहिले उड्डाण स्वीडनच्या उत्तर टोकाला किरुना गावाजवळच्या एस्रेंज अवकाशतळावरून जून २०२१ मध्ये व्हायचे होते. त्यात तर भुकटी सोडायचीच नव्हती. पाळणा नीट चालतो का, एवढेच पाहायचे होते.

किरुनाच्या आसपासचा मुलूख सामी लोकांचा. रेनडियरचे कळप राखणारा हा समाज. त्यांच्या परिषदेने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वीडनमधल्या पर्यावरण संस्थांच्या बरोबरीने एक पत्र लिहिले. आमच्या भूमीवर हा प्रयोग ठरला, पण आम्हाला कुणी विचारले नाही. आणि निसर्गाला वरून लगाम घालण्याची ही रीत आमच्या जीवनदृष्टीत बसत नाही, असा त्याचा आशय. मार्च संपण्यापूर्वी तळाच्या चालकांनी उड्डाण रद्द केले. प्रयोग लांबणीवर पडला तो पडलाच, आणि मार्च २०२४ मध्ये हार्वर्डने तो कायमचा गुंडाळला.

शास्त्रज्ञांच्या बाजूने पाहिले तर हा शुद्ध अन्याय. विमाने रोज याहून किती घाण वर सोडतात, त्यांना कोण अडवतो? पण सामींच्या बाजूलाही एक स्मृती आहे. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. वारा आणि पाऊस यांनी तिचे विष स्वीडनच्या रानातल्या शेवाळावर आणून टाकले. ते शेवाळ रेनडियरने खाल्ले आणि हजारो जनावरांचे मांस फेकून द्यावे लागले. शेकडो कोस दूरच्या भट्टीत सामींचा काही हात नव्हता. ज्यांच्या ताटात एकदा आकाशातून असे काही पडले आहे, त्यांना 'फक्त दोन किलो आहे हो' असे सांगून कसे चालेल? पत्रात त्यांनी हे उगाळले होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्या मनात ते आल्याशिवाय राहिले नसते, एवढेच.

अशीच गत इंग्लंडातही होऊन गेली होती. २०११ मध्ये 'स्पाइस' नावाच्या प्रयोगात एक किलोमीटर उंच फुगा सोडून नळीवाटे दहा बादल्या पाणी वर चढवायचे आणि शिंपडायचे होते. निव्वळ पाणी! आधी लोकांनी हाकाटी केली म्हणून तो लांबला. मग कळले की त्या मंडळींपैकी काहींनी अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. २०१२ च्या मे महिन्यात तो रद्द झाला. दहा बादल्या पाण्याला लोक भ्याले नाहीत. त्या नळीतून पुढे काय येणार आणि त्याचा मालक कोण, याला ते भ्याले.

ओले आरसे

दुसरी युक्ती याहून सौम्य आहे. जॉन लॅथम हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ आपल्या लहान मुलाला समजावून सांगत होते की समुद्रावरचे ढग ऊन परत धाडतात. मुलगा म्हणाला, म्हणजे हे ओले आरसेच की! १९९० मध्ये लॅथमनी सुचवले की समुद्राचेच खारे पाणी अतिसूक्ष्म करून या ढगांत सोडावे. मिठाच्या प्रत्येक कणाभोवती एक थेंब जमतो. थेंब जितके बारीक आणि जितके पुष्कळ, तितका ढग पांढरा. ताकावर घुसळल्यावर फेस कसा पांढरा दिसतो, तसेच.

गंमत अशी की हा प्रयोग आपण न कळत करतच होतो. जहाजांच्या धुराड्यांतल्या गंधकाने समुद्रावरच्या ढगांत पांढऱ्या रेघा उमटत आणि उपग्रहातून त्या स्पष्ट दिसत. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. बंदरांतल्या लोकांच्या छातीला ते हितकारकच झाले. पण त्या रेघा पुसट झाल्या आणि तेवढे ऊन समुद्रात शिरू लागले. घाण काढावी तर घर तापते, असा हा चमत्कारिक पेच आहे.

ऑस्ट्रेलियात डॅनियल हॅरिसन यांनी मार्च २०२० मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर, टाउन्सविल शहरापासून दूर समुद्रात, एका तराफ्यावर फवाऱ्याचे यंत्र ठेवून खाऱ्या पाण्याचे तुषार उडवले. उन्हाने पोवळी मरत आहेत, त्यांच्यावर सावली धरता येईल का, हा हेतू. तो प्रयोग पार पडला.

अमेरिकेत मात्र वेगळे घडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी अलामेडा नावाचे शहर आहे. तिथे 'हॉर्नेट' ही जुनी विमानवाहू नौका नांगरून ठेवली आहे आणि आता तिचे संग्रहालय झाले आहे. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग आणि त्याच्या दोघा सोबत्यांना पॅसिफिकमधून उचलून घेतले ते याच नौकेने. २ एप्रिल २०२४ रोजी तिच्या डेकवर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एक फवारायंत्र सुरू केले. केसाच्या जाडीच्या सुमारे सातशेव्या भागाएवढे मिठाचे कण त्यातून बाहेर पडत. ते डेकवरून पुढे जाताना टिकतात की एकमेकांना चिकटून मोठे होतात, एवढेच पाहायचे होते. ढगांना हात लावायचा नव्हता.

अलामेडाच्या कारभाऱ्यांना ही बातमी कळली ती वर्तमानपत्रातून! आपल्या धक्क्यावर आकाशाचा प्रयोग चालू आहे आणि आपल्याला पत्ता नाही, म्हणजे काय? मे महिन्यात त्यांनी काम थांबवले आणि तज्ज्ञ नेमले. तज्ज्ञांनी सांगितले की लोकांच्या प्रकृतीला धोका होण्याजोगे यात काही नाही. तरीसुद्धा जून २०२४ मध्ये नगरपरिषदेने एकमताने नकार दिला. मिठाच्या पाण्याला!

हे वाचले तेव्हा मला आमच्या काकूंची आठवण झाली. चुन्याने त्यांचे काही जळले नव्हते. डोळे दिपत, पण तेही एका पडद्याने भागले. त्यांना टोचले होते ते न विचारणे. विद्वान माणसे इथेच चुकतात असे मला वाटते. कण किती बारीक, वजन किती ग्रॅम, धोका किती कमी, हे ते फार तळमळीने सांगतात, पण विचारलेला प्रश्न तो नसतोच.

पाऊस कोणाचा?

आता तुम्ही म्हणाल, स्वीडन आणि कॅलिफोर्नियाच्या भांडणात आपले काय? तर आपला मान्सून.

मान्सूनचे मूळ कारण काय, तर उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. आपल्या एप्रिल-मेच्या तलखीला आपण कितीही शिव्या दिल्या, तरी मृगाच्या सरी तिच्या पोटी जन्मतात. वरून छत्री धरली की जमिनीचा ताप कमी, आणि समुद्राकडून येणारी ओढही कमी, असे बहुतेक गणिते दाखवतात. ही छत्री पृथ्वीच्या कोणत्या बाजूला धरता, यालाही फार महत्त्व आहे. २०१३ मध्ये जिम हेवूड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की विसाव्या शतकारंभापासूनच्या सहारालगतच्या प्रदेशातल्या चार सर्वांत कोरड्या उन्हाळ्यांपैकी तिघांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठा ज्वालामुखी फुटला होता. उत्तरेला थंड केले की पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. म्हणजे युरोपने आपल्या डोक्यावर छत्री धरली तर आफ्रिकेतला शेतकरी कोरडा पडायचा.

या विषयात एका भारतीयाचे नाव घेतले पाहिजे. १९९८ मध्ये हायड्रोजन बाँबवाले एडवर्ड टेलर यांच्या गोटातून या छत्रीची जोरदार भलामण झाली. त्यांच्याच लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या केन काल्डेरा आणि गोविंदस्वामी बाला या दोघांना ते पटले नाही. ऊन तर दिवसा आणि उन्हाळ्यातच जास्त, कर्बवायूचा ताप मात्र रात्रंदिवस बारा महिने. मग एकाने दुसरे कसे भरून निघेल? हे खोडून काढावे म्हणून त्यांनी संगणकावर गणित मांडले आणि उत्तर नेमके उलट आले! तापमान बऱ्याच ठिकाणी चांगले जुळत होते. प्रामाणिक माणसे, २००० साली त्यांनी ते तसेच छापले. बाला पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तिथे याच विषयावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. छत्रीखाली पाऊस कसा बदलतो, हा त्यांच्या अभ्यासाचा एक भाग.

मग एकदाचा प्रयोगच करून पाहावा आणि मान्सूनचे काय होते ते बघावे, असे कुणी म्हणेल. अडचण अशी की तो प्रयोग छोटा होऊच शकत नाही. मान्सून मुळातच लहरी. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला तो छत्रीमुळे की आपल्या नेहमीच्या स्वभावाने, हे कसे ओळखणार? सोलापूरचे उदाहरण घ्या. तिथे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. ते काम निराळे, त्यात ढगात बी पेरून पाऊस काढायचा असतो. पण २०१७ ते २०१९ मध्ये विमाने उडवून, शेकडो ढग हेरून, काही पेरून आणि काही तसेच ठेवून, मग कुठे २०२३ मध्ये छापून आले की ठराविक टापूत सुमारे १८ टक्के पाऊस वाढला. एका जिल्ह्यातल्या ढगांना एवढा वेळ, तर साऱ्या पृथ्वीला किती? रटगर्स विद्यापीठाचे ॲलन रोबॉक यांनी २०१० मध्येच हा मुद्दा मांडला होता. हवामानावरचा परिणाम दिसायचा तर छत्री पूर्ण आकाराची आणि वर्षानुवर्षे धरावी लागेल. आणि तसे केले म्हणजे ती चाचणी कुठे राहिली? ते तर लग्नच लागले.

शिवाय एकदा धरलेली छत्री मिटणेही सोपे नाही. आमच्या गच्चीवरचा चुना पहिल्या मोठ्या पावसातच निम्मा वाहून गेला. पुढच्या एप्रिलात तो पुन्हा मारला नाही तर खोली पुन्हा भट्टी. तिकडे खालचा कर्बवायू वाढतच राहिला आणि पन्नास वर्षांनी युद्धामुळे किंवा पैशाअभावी वरची छत्री एकाएकी मिटली, तर पन्नास वर्षांचा तुंबलेला ताप थोड्याच वर्षांत अंगावर येईल. समुद्राचे पाणी आम्लाकडे झुकते आहे, त्यालाही या छत्रीचा काही उपयोग नाही.

आणि हे सगळे स्वस्त आहे, ही खरी भीती! २०१८ मध्ये वेक स्मिथ आणि गेरनॉट वॅगनर यांनी हिशेब केला, तो पहिल्या पंधरा वर्षांसाठी वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास भरला. ही रक्कम एकटे सरकारच काय, एकटा कुबेरही उभी करू शकेल. २०२२ मध्ये तर एका अमेरिकन कंपनीच्या संस्थापकाने मेक्सिकोत, कुणालाही न विचारता, थोडे गंधक भरलेले फुगे सोडून दिले आणि तेवढ्या 'गारव्या'च्या पावत्या विकायला काढल्या! मी सुरुवातीला म्हटले ते चुना लावणारे हेच. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने असल्या प्रयोगांवर बंदी घालण्याचे जाहीर केले. पुढे अमेरिकेतल्या टेनेसीने २०२४ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२५ मध्ये कायदेच केले. त्यामागे शास्त्राइतकाच अफवांचाही वाटा होता. त्या कायद्यांच्या जाळ्यात प्रामाणिक शास्त्रज्ञ सापडणार आणि फुगेवाला दुसऱ्या देशात निघून जाणार, अशी मला धास्ती वाटते. विचारणाऱ्याला नकार आणि न विचारणाऱ्याला रान मोकळे, असे होऊ नये. उद्या एखाद्या उष्ण वर्षी कुणा घाबरलेल्या सरकारने विमाने वर पाठवली, तर त्या घटकेला आपल्या हाती पिनाटुबोची वही आणि संगणकाचे कागद यांपलीकडे काहीतरी असलेले बरे. म्हणून मी प्रयोगाच्या बाजूचा आहे. पण जिना चढून समोरच्या घरी आधी जाणाऱ्या प्रयोगाच्या.

२०२५ च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारच्या एका संशोधन संस्थेने अशा अभ्यासासाठी सुमारे ५ कोटी ७० लाख पौंड जाहीर केले. काही उघड्यावरचे प्रयोगही त्यात आहेत. अट अशी, की परिणामांची तपासणी आधी प्रसिद्ध करायची आणि स्थानिक लोकांशी आधी बोलायचे. त्यातले एक काम केंब्रिजच्या ह्यू हंट यांच्याकडे आहे. दहा बादल्या पाण्याचा तो फसलेला फुगा आठवतो ना, त्या मंडळींतले हे अभियंते. या वेळी त्यांच्या बेतात चिमूटभरही भुकटी हवेत सोडायची नाही. खनिजाची काही मिलिग्रॅम धूळ फुग्याबरोबर स्थितांबरात न्यायची, तिथल्या थंडीत आणि उन्हात काही काळ उघडी ठेवायची, मग तशीच खाली आणून प्रयोगशाळेत तपासायची. वर नेलेले सगळे पुन्हा खाली.

इकडे आमच्या गच्चीवरचा उरलासुरला चुना दिवाळीच्या सफाईत खरवडून निघाला. पिंपात अजून दोन घमेली शिल्लक आहेत, आणि समोरच्या काकूंचा निरोप आला आहे, की त्यांच्याही गच्चीला यंदा मारायचा म्हणतात, किती पाणी घालायचे ते सांगा.